कोंडवाड्याच्या पानावर तुम्ही का थांबलात?

बाई,

अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमले नव्हते, त्याची आधीच माफी मागते. तुम्ही त्यावर कधी बोट ठेवलं नाहीत. "ते बघायला छापखान्यात माणूस असतो, त्याचं काम कशाला काढून घेता," म्हणायचात. पण हे छापखान्यात जाणार नाही आणि तुमच्याकडेही येणार नाही, म्हणून उलट जास्तच लाज वाटते. आता वेलांटी कुठली द्यायची यावर अडून बसले तर मनातलं मनातच राहील. जसं येईल तसं लिहिते.

मला तुमचा राग आला आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये हे मलाही कळतं. घरी बोलायची सोय नाही. बालवाडीतल्या सुनंदाताईंजवळ बोलायला गेले तर त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "रडून घे हिरा." मला रडायचं नव्हतं. मला भांडायचं होतं, आणि भांडण तुमच्याशीच होतं.

मी लिहिलेल्या बायडीच्या गोष्टीचे कागद समोर आहेत. तुमच्या भावाने, अण्णांनी, ते मला परत दिले. कोंडवाड्याच्या पानावर समासात तुमची पेन्सिलीची आडवी रेघ आहे आणि तिच्याजवळ तुमचा तो एक शब्द. थांबले. पुढच्या पानांवर काही नाही. शेवटी तुमचा अभिप्रायाचा कागदही नाही.

आता मी काय समजायचं, ते सांगा.

तुमच्याकडे पहिल्यांदा आले तो दिवस आठवतो का? आमच्या बालवाडीच्या सेविका सुनंदाताई, आणि मी त्यांची मदतनीस. पोरं सुकडी खाताना फार सांडतात, म्हणून मी गोष्ट सांगायची, म्हणजे पोरं एका जागी बसायची. घरी येऊन तीच गोष्ट मी कागदावर उतरवायची, जरा मोठ्या पोरांना वाचता येईल अशी वाढवून. हे कुणाला माहीत नव्हतं. सुनंदाताईंना कळलं ते सुकडीच्या पोत्याखाली ठेवलेले कागद त्यांच्या हाती लागले म्हणून. मला वाटलं आता रागावतील. त्या तिथेच उभ्या राहून वाचत बसल्या आणि पोरं एकमेकांच्या ताटल्या पळवत राहिली.

"शहरात सावेडीला एक बाई आहेत," त्या म्हणाल्या. "आयुष्यभर पुण्यात मुलांच्या मासिकात होत्या. आता रिटायर होऊन भावाकडं राहतात. लोकांचं लिखाण वाचून अभिप्राय लिहून देतात. फी घेऊन."

"फी घेऊन?"

"मग? डॉक्टर नाही घेत?"

घरी सांगितलं तर आमचे हे चहाचा कप खाली ठेवून हसले. "पैसं देऊन सोताच्या चुका काढून घ्यायच्या? मला दे की निम्मं. रोजच्या रोज काढून देतो."

"तुमी फुकटच काढता की."

"म्हनून तर किंमत न्हाई."

ते दूध डेअरीवर कॅन भरायला निघून गेले आणि मी माझ्या मानधनातले पैसे पदराला बांधले. बालवाडीला सुट्टी होती त्या दिवशी माळीवाडा स्टँडवर उतरले आणि रिक्षाने सावेडीला आले. तुमच्या दाराशी बेल होती. मला ती वाजवायचा धीर झाला नाही. मी उभीच. मग तुमच्या वहिनींनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "भांड्यांचं का? मागून या, पुढचं आत्ताच पुसलंय."

मी खरंच मागच्या बाजूला निघाले होते, बाई. तुम्ही आतून ओरडलात, "अगं, कागदांची पिशवी छातीशी धरून भांडी घासायला कोण येतं? येऊ दे पुढून." वहिनी बिचाऱ्या इतक्या ओशाळल्या की मला दोनदा चहा दिला. तुम्ही मला खुर्चीवर बसवलंत आणि अहो म्हणालात. "बोला हिराबाई." माझ्या मागेपुढे पाहून घेतलं मी, की आणखी कोण हिराबाई आली.

फी सांगितलीत तेव्हा तुमचा आवाज जराही खाली आला नाही. मला वाटलं होतं, बालवाडीतली मदतनीस म्हटल्यावर काही कमी कराल. तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहून ओळखलंत. "हिराबाई, मी फुकट वाचलं तर तुमचं कौतुक करीन. पैसे घेतले की खरं सांगावं लागतं. तुम्हाला काय हवंय?"

मला कौतुकच हवं होतं. पण तसं म्हणता येईना. पैसे काढून दिले.

दोन आठवड्यांनी गेले तर तुम्ही झोपाळ्यावर होतात आणि कागद शेजारी. मला वाटलं होतं पानं लाल झालेली असतील. एकही खाडाखोड नव्हती. फक्त एका पानावर ती रेघ आणि 'थांबले'. सोबत एक कागद, त्यावर माझ्या गोष्टीत काय घडतं ते तुमच्या शब्दांत आणि खाली तीन-चार प्रश्न. मी विचारलं, "चुका कुठं हायत, बाई?" तुम्ही म्हणालात, "मी चुका काढत नाही. वाचते. कुठे माझ्या हातातून कागद खाली गेला तेवढं सांगते. त्या दिवशी मी घरची माणसं, चहा, दारावरचा भाजीवाला, सगळं विसरून वाचत होते. इथे आले आणि मला आठवलं की दूध तापवायचं राहिलंय. म्हणून खूण केली. का ते तुम्ही शोधा."

मी हो म्हटलं आणि घरी आले. मला काही कळलं नव्हतं, पण कळलं नाही म्हणायची माझी हिंमत कधी झाली आहे? मी असा अर्थ घेतला की तुम्ही गोष्ट इथे थांबवा म्हणताय. मग मी त्या खुणेनंतरची पानं काढली आणि चुलीत घातली. त्यावर पाणी तापलं. उरलेली गोष्ट नीट उतरवून काढली आणि तुमच्याकडे आणली.

तुम्ही शेवटचं पान उलटलंत, मागे पाहिलंत, पिशवीत पाहिलंत. "जीप आली. मग?"

"मग काय न्हाई. संपली."

"संपली कशी? बाकीचं कुठे गेलं?"

"जाळलं. तुमीच तर तिथं थांबा म्हनालात."

तुम्ही इतक्या हसलात की खोकल्याची उबळ आली, वहिनी पाणी घेऊन धावत आल्या, आणि मग तुम्ही हसू आवरलंत. माझा हात धरलात. "हे माझं चुकलं. मी तुम्हाला नीट सांगायला हवं होतं." आणि मग म्हणालात, "पण जळलं ते बरं झालं. मला ती जीप नको होती."

तिथून आपलं भांडण सुरू झालं आणि ते संपलंच नाही.

बायडी अकरा वर्षांची. गावात शाळा चौथीपर्यंत. पाचवी पलीकडच्या गावात. बाप म्हणतो पुरे झालं, शेरडं कोण राखणार. मी लिहिलं होतं की एक दिवस एका साहेबाची जीप येते, बायडी चावडीवरची नोटीस मोठ्याने वाचत असते, साहेब ऐकतो, बापाला बोलावतो, आणि बायडी पाचवीत जाते. सुनंदाताईंच्या डोळ्यांत हे वाचून पाणी आलं होतं. तुम्हाला दूध आठवलं.

"धुरळा दिसला तेव्हाच मला कळलं," तुम्ही म्हणालात. "आता साहेब सगळं करणार. मग मी बायडीकडे कशाला बघू? बारा-तेरा वर्षांची पोर ही गोष्ट वाचत असेल तर ती जीपची वाट बघायला शिकेल. मोठ्या माणसाने येऊन सोडवलं की मुलांची गोष्ट तिथे मरते, हिराबाई. तीस वर्षं मी हेच लिहून पाठवत आले लोकांना."

"बाई, आमच्याकडं पोरी काय करत न्हाईत. मोठी मान्सं ठरवत्यात. मी काय खोटं लिहू?"

"खोटं लिहू नका. पण जीप तरी खरी आहे का?" आणि मग तुम्ही अगदी हळू विचारलंत, "तुमच्याकडे आली होती जीप?"

मी कागदांच्या कडा जुळवत राहिले. तुम्हाला वाटलं असेल मी विचार करते आहे. बायडी म्हणजे कोण हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय होतं? चौथी पास झाले, पाटी कोनाड्यात ठेवली, शेरडं सोडली. कुणी आलं नाही. मी कित्येक वर्षं डोंगरावरून खालच्या रस्त्याकडे बघत होते हे खरं, पण कशाची वाट बघत होते ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. गोष्ट लिहिताना जीप आपोआप आली.

घरी येऊन मी जीप काढून टाकली. मग राहिलं काय? शेरडं. बायडी शेरडं राखते आणि गोष्ट संपते. तेही मी घेऊन आले, फी देऊन. तुम्ही या वेळी शेवटपर्यंत वाचलंत, कुठेच रेघ नाही. मी खूश झाले होते. तुम्ही चष्मा काढलात आणि म्हणालात, "तुम्ही त्या वाचणाऱ्या पोरीला विहिरीत ढकललंत आणि वर दोरही ओढून घेतलात."

"खरं तेच लिवलंय."

"खरं आहे. पण बायडी कुठे आहे? बाप बोलतो, आजी बोलते, मास्तर बोलतो. बायडी काय करते?"

"काय करनार?"

"तेच विचारतेय. काहीही. तिला नाही जमलं तरी चालेल. पण तिने काहीतरी करून बघायला हवं."

"काय करनार हुती ती? अकरा वर्साची पोर! सांगा की तुमी!"

मी ओरडले होते, बाई. मी. वहिनी स्वयंपाकघरातून डोकावल्या. बालवाडीतल्या पोरांवरही माझा आवाज चढत नाही. तुम्ही बायडीला विचारत होतात आणि मला ऐकू येत होतं, की हिरे, तू काय केलंस? तू बसलीस ना गप्प? तुम्ही तसं म्हणाला नाहीत. तुम्हाला माहीतही नव्हतं. पण चांगला घाव बसला. मी कागद उचलले आणि चहा तसाच टाकून निघाले. फाटकाशी तुमचा आवाज आला, "हिराबाई, पानं जाळू नका!" चेष्टाच होती ती, आणि मला त्याचाही राग आला.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला, मी सावेडीला फिरकले नाही. आमचे हे म्हणायचे, "काय, संपल्या का चुका?" तुम्ही एक पोस्टकार्ड टाकलंत. त्यात ना बऱ्या आहात का, ना राग सोडा. एक ओळ. "बायडीच्या आईला तुम्ही गोष्टीत एकदाही बोलू दिलेलं नाही, हे माझ्या आत्ता लक्षात आलं." मी ते कार्ड फाडायला घेतलं आणि फाडलं नाही. इतकी वर्षं माझ्याही लक्षात आलं नव्हतं. माझी आई त्या दिवशी चुलीपुढे बसून होती आणि काही बोलली नव्हती. भाकऱ्या मात्र करपल्या होत्या. मी ते लिहिलं. आई बोलत नाही, भाकऱ्या करपतात. तुमच्या त्या एका ओळीमुळे आलं ते पान.

आणि कोंडवाडा आला माझ्या नणंदेमुळे. ती हिवरे बाजारला दिली आहे. त्यांच्या गावाने डोंगरात शेरडं चारायची बंद केली. ती एकदा आमच्याकडे येऊन बोटं मोडत सांगत होती, "आता शेरडाला वर सोडायची सोय न्हाई. चोरून सोडलं तर अख्खं गाव इचारतं, कुनाची हायत ही?" मी भाकरी थापत होते, हात थांबला. कुनाची हायत ही. बायडी शेरडं घेऊन निघते. रोज थोडी पुढे नेते, थोडी पुढे, आणि एक दिवस पलीकडच्या गावच्या शाळेच्या भिंतीला नेऊन उभी करते. शेरडं चरतात आणि ती खिडकीखाली बसून पाचवीचा धडा ऐकते. शेरडं शाळेने लावलेली रोपं खातात. त्या गावची माणसं शेरडं धरून कोंडवाड्यात घालतात. दुसऱ्याच्या रानात शिरलेली जनावरं कोंडतात तो वाडा, दंड भरल्याशिवाय सोडत नाहीत. बायडी पळून जाऊ शकते. ती जात नाही. ती कोंडवाड्याच्या फाटकाला टेकून बसते, कारण आता बापाला इथे यावंच लागणार आहे, या गावात, या शाळेसमोर.

बाई, हे तिने केलं. मी केलं नव्हतं, तिने केलं. पोरं न्यायला येणाऱ्या मोठ्या मुलींना मी हे बालवाडीच्या ओट्यावर वाचून दाखवलं. कोंडवाड्यापाशी आले आणि आवाज बसला म्हणून पाणी प्यायला थांबले, तर एक पोरगी डोळे वटारून म्हणाली, "मावशे, पानी नंतर पी. बाप आला का न्हाई ते सांग आदी."

ते कागद घेऊन मी तुमच्याकडे आले, मधल्या सगळ्या महिन्यांनंतर. तुम्ही वाळला होतात. मी विचारलंही नाही. माझं लक्ष माझ्या पिशवीकडे. फी काढून ठेवली तर तुम्ही मोजल्याशिवाय उशीखाली सारलीत. "या वेळी सावकाश वाचते हिराबाई. मला घाई करायची नाही." मी दारात घुटमळले. सांगायचं होतं की बायडी मी आहे. सांगायचं होतं की मी ओरडले ते तुमच्यावर नव्हतं. वहिनी समोर होत्या, एक शेजारीण आली होती. म्हटलं पुढच्या वेळी.

पुढच्या वेळी अण्णांनी दार उघडलं. तुमचं सगळं उरकून गेलं होतं. कुणी मला कळवणार कसं, मी तुमची कोण? अण्णा ओळखीचं हसले. "तुम्ही त्या बालवाडीच्या ना? बसा. अक्काची सगळी कामं मी मार्गी लावतोय." ते बँकेत होते असं तुम्ही म्हणाला होतात. कागदांचे गठ्ठे टेबलावर, प्रत्येकावर चिठ्ठी. माझा गठ्ठा काढला, खुणेचं पान उघडलं, पुढची पानं अंगठ्याने चाळली. "साधारण निम्मं वाचून झालेलं दिसतंय. तेव्हा निम्मी फी परत." आणि पाकीट पुढे केलं. इतक्या सरळ मनाने केलं की माझा हात पुढे झाला. घेतलं. नमस्कार केला. तुमच्या खोलीकडे पाहिलं तर गादी गुंडाळून ठेवली होती.

तेव्हापासून मी त्या रेघेकडे बघते आहे.

तुम्ही का थांबलात? या पानावर चूक आहे का? फाटकाला टेकलेली बायडी, आतून शेरडं ओरडतायत, उन्हं कलली आहेत. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. आधी मला ते सगळ्यांत चांगलं वाटत होतं. आता वाचते तर त्यातली प्रत्येक ओळ मला संशयाने बघते. उन्हाचं वर्णन लांबलं का? शेरडांचं ओरडणं जास्त झालं? की बायडी नुसती बसून राहते, पुन्हा काही करत नाही, म्हणून तुमच्या हातातून कागद खाली गेला? एकदा मी अर्धं पान खोडलं. दुसऱ्या दिवशी परत लिहून काढलं. तुमची रेघ मला एक वाक्य पुढे लिहू देईना की मागचं ठेवू देईना. 'थांबले' म्हणजे कंटाळले की 'थांबले' म्हणजे दम लागला? एवढं शिकलेल्या तुम्ही, दोन शब्द जास्त लिहायला काय झालं होतं?

आणि पुढचंच पान, बाई! एक पान उलटायचं होतं. बाप येतो, दंड भरतो, सगळ्यांसमोर विचारतो, "इतक्या लांब का आनली शेरडं?" आणि बायडी तोंड उघडते. "शाळेसाटी आले," म्हणते. एवढंच, पण ती स्वतः म्हणते. बाप काही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी शेरडं घेऊन बाप जातो. बायडी कुठे गेली ते मी लिहिलेलं नाही. ते तुम्हाला विचारायचं होतं, लिहू की तसंच सोडू. हे सगळं पुढच्या पानांवर होतं. तुम्ही 'तिने काय केलं' म्हणून माझा जीव खाल्लात आणि तिने केलं तेव्हा तुम्ही नव्हतात.

हे इथवर लिहून ठेवलं होतं. मधे आठ दिवस गेले. काल मी सावेडीला जाऊन आले.

कशाला गेले ते घरातून निघताना सांगता आलं नाही. यांनी विचारलं, "आता तर बाई बी न्हाईत. चुका कोन काढनार?" मी म्हटलं, "एक चूक मला काढायची हाय." ते बघतच राहिले. मलाही माझं नवल वाटलं. तुमच्या दाराशी जाऊन मी बेल वाजवली, एकदाच, पण वाजवली.

वहिनी भाजी निवडत होत्या. मी खाली बसले आणि मेथी निवडायला घेतली, म्हणजे तोंडाकडे बघावं लागत नाही. मग विचारलं, "वहिनी, बाईंनी माझे कागद कवा वाचले? बऱ्या असताना का आजारात?"

"आजारात गं. अंगात ताप होता तरी हट्टाने मागून घेतले. चार ओळी वाचायच्या आणि डोळे मिटायच्या. पेन्सिल दोनदा पलंगाखाली गेली, मीच काढून दिली." त्यांनी जुडी बाजूला ठेवली. "मग मलाच म्हणाल्या, वहिनी, हे वाचन धरायचं नाही. अक्षरं हलतायत, मला काही पोचत नाही. बरी झाले की पहिल्या पानापासून घेते. नाहीच झाले तर हिराबाईंचे पैसे पूर्ण परत करा."

"पूर्ण?" बाहेरून अण्णांचा आवाज आला. ते पेपर हातात घेऊन दारात उभे. "मला हे कुणी सांगितलं नाही!"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही पानं मोजत बसला होतात."

अण्णांचा चेहरा असा पडला, की मलाच वाईट वाटलं. ते आत गेले. कपाटाच्या किल्ल्या वाजल्या. मी मेथीची काडी हातात धरून बसले होते. म्हणजे ती रेघ माझ्या पानासाठी नव्हतीच. बायडी फाटकाला टेकून बसली त्यात काही वावगं नव्हतं. की होतं? तेही आता कळायचं नाही. तुम्ही तिला टाकून गेला नव्हतात आणि तुम्ही तिला भेटलाही नव्हतात. रागवायलासुद्धा काही ठेवलं नाहीत तुम्ही माझ्याकडे. आणि ताप अंगात असताना 'हे वाचन धरायचं नाही' म्हणून माझं पान तुम्ही राखलंत, त्याचे उपकार कुणाला बोलून दाखवू?

वहिनींनी माझ्या हातातली काडी काढून घेतली. "त्या गोष्टीत पुढे काय होतं गं त्या पोरीचं? त्या मला सांगायच्या नाहीत. म्हणायच्या, हिराबाईंचं लिहून होऊ दे."

मी सांगायला तोंड उघडलं आणि अण्णा आले. राहिलेली निम्मी रक्कम त्यांनी माझ्यासमोर जमिनीवर एकेक नोट ठेवत मोजली. मी म्हटलं, राहू द्या अण्णा. ते म्हणाले, "अक्काचा शब्द आहे. घ्या." मी घेतले. आता त्या घराकडून मला काही येणं राहिलेलं नाही. पैसे पूर्ण फिटले, बाई.